गोड लागेपर्यंत

त्या वर्षी आमच्या घरात भात पेरलं गेलं नाही, आणि आईला हातांचं काय करावं ते कळेना. ती एकदा घासलेली भांडी पुन्हा घासायची. तांदूळ निवडून झाले की सुपातच पसरून परत निवडायला बसायची. आमचं शेत घरामागेच होतं, मागच्या दारातून दिसायचं. ते बिल्डरला विकलं होतं, आता तिथे निळ्या पत्र्यांचं कुंपण आलं होतं, आणि वारा सुटला की ते पत्रे दिवसभर धडधडत राहायचे. पालेगावात तेव्हा सगळीकडेच असे पत्रे उभे राहत होते. बाबा त्याच कुंपणाच्या आत कामाला लागले होते. नव्या स्लॅबवर आणि खांबांना बांधलेल्या गोणपाटांवर सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारायचं, हे त्यांचं काम. "आपल्याच वावरात पानी मारतंय, फक्त उगवत काय नाय," असं ते जेवताना म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. आई हसायची नाही. ती उठून पत्र्याच्या फटीतून आत बघून यायची. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

भात पेरायचो तेव्हा आमच्याकडे बी भिजवण्याचा एक सोहळाच असे. बाबांचे आजोबा खाडीकाठच्या मिठागरात काम करायचे. तिथून आमच्या घरात एक सवय आली होती. बी आधी मिठाच्या पाण्यात सोडायचं. मीठ पुरेसं झालं की नाही हे अंडं टाकून बघायचं. अंडं तरंगलं की पाणी तयार. मग त्यात बी ओतलं की पोचट दाणे वर यायचे, ते कोंबड्यांना जायचे. खाली बसलेलं बी तीन पाण्यांनी धुऊन साध्या पाण्यात भिजत घालायचं, नंतर गोणपाटात गुंडाळून पेंढ्याखाली दाबायचं. त्या पेंढ्याला ऊब यायची आणि एक गोडसर, किंचित आंबूस वास सुटायचा. घरभर तो वास असला की मला सुटी लागल्यासारखं वाटे. आई मधूनमधून हात घालून एक दाणा काढायची, सोलायची आणि पुढच्या दातांनी चावायची. मान हलवली की अजून नाही. एके वेळी ती थांबायची, जीभ टाळ्याला लावायची आणि म्हणायची, "आला गोड." मग बाबा उठायचे. घड्याळ कोणी बघत नसे. आणखी एक गोष्ट होती, तिचं कारण मी कधी विचारलं नव्हतं. सुक्या बियाला धार लावायची नाही. विळी, सुरी, ब्लेड, काहीच नाही. बी आधी पाण्यात जायचं, त्यानंतर त्याचं काय करायचं ते करायचं.

मी उल्हासनगरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे वाक्य लिहायला सोपं आहे. जगायला जरा अवघड होतं, कारण काही अडलं तर विचारायचं कोणाला हेच माहीत नसे. वर्गात मी तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायचे. उत्तर येत असलं तरी हात अर्धाच वर करायचे. शेजारी काजल बसायची. तिच्या वडलांचं उल्हासनगरच्याच कॅम्प भागात कापडाचं दुकान होतं, आणि ती सिंधी, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात बोलायची. ती डब्यात कोकी आणायची, कांदा घातलेली जाड, खरपूस पोळी. माझ्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. वासामुळे मी डबा उघडायला लाजायचे. पहिल्याच महिन्यात तिने माझं सुकट चाखून सांगितलं, "वैशाली, हे तू एकटी खातेस? पाप लगेगा तेरेको." त्या दिवसापासून आमची मैत्री.

शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा होता. वनस्पतिशास्त्राच्या परांजपे मॅडमनी सांगितलं की सगळ्या गटांची सादरीकरणं बाहेरचे परीक्षक बघतील आणि त्यातून एका गटाला पुण्याच्या एका प्रयोगशाळेत दोन महिने काम शिकायला मिळेल. माझ्यासाठी ते दोन महिने म्हणजे सगळंच होतं. झालं असं की माझ्या काकांनी आनंदनगरच्या एमआयडीसीत, औषधाच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम माझ्यासाठी बोलून ठेवलं होतं. बाबा शिक्षणाच्या विरोधात होते असं नाही. पण ते कळवळून म्हणायचे, "बाय, पुढं शिकायचं तर हातात काय तरी दाखव. निस्तं शिकतंय शिकतंय बोलून कवर चालंल?" मला त्यांचं चुकलं असं तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण पुण्याच्या निवडीचं पत्र मिळालं तर मी ते त्यांच्या हातात ठेवू शकत होते. एरवी माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

विषय मॅडमनीच सुचवला, माझं गाव विचारून. "भात पेरणाऱ्यांच्या घरातली आहेस ना? मग दाण्यातच बघ," त्या म्हणाल्या. त्यांनी फळ्यावर भाताचा दाणा काढला, एका टोकाला बारीक कोंब आणि बाकी सगळा पिठाचा साठा. त्या साठ्याभोवती जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. गिरणीत तांदूळ पांढरा करताना तो कोंड्याबरोबर निघून जातो, म्हणून आम्हाला हाताने सोललेलेच दाणे लागणार होते. त्या थरातल्या प्रत्येक पेशीत भाताच्या झाडाचे सगळेच्या सगळे जनुक असतात. मुळाचे, पानाचे, लोंबीचे, सगळे. पण पेशी ते सगळे एकदम वाचत नाही. पिठाची साखर करणारं अमायलेज नावाचं विकर बनवायचा जनुकही तिथे असतो आणि कोरड्या दाण्यात तो गप्प असतो. एक प्रथिन राखणीला बसल्यासारखं त्याला गप्प ठेवतं. दाण्याला पाणी लागलं की कोंब जागा होतो आणि जिबरेलिन नावाचं रसायन सोडतो. ते झिरपत त्या थरापर्यंत पोचलं की राखणीचं प्रथिन मोडून टाकलं जातं. मग दुसरं एक प्रथिन तयार होऊन त्या जनुकाच्या तोंडाशी बसतं, आणि तेव्हाच नक्कल उतरवणारी यंत्रणा तिथे येऊन जनुकाची आरएनएमध्ये नक्कल करू लागते. त्या नकलेवरून विकर बनतं, विकर पिठाची साखर करतं आणि कोंबाला खायला मिळतं. "मजकूर तर सगळ्याच पेशींत आहे," मॅडम खडू टेकवत म्हणाल्या, "कोणता, कुठे आणि कधी उतरवायचा, हे ठरवण्यातच पेशीचं सगळं शहाणपण आहे." मी वहीत ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि घरी येईपर्यंत रिक्षात चार वेळा वाचलं.

प्रयोग जुनाच होता, अनेकांनी केलेला. दाण्याचा कोंबाकडचा भाग कापून टाकायचा. उरलेले अर्धे दाणे पिठाच्या खळीसारख्या थिजवलेल्या थरावर, काचेच्या बशीत ठेवायचे. काहींना जिबरेलिन द्यायचं, काहींना नुसतं पाणी. दोन दिवसांनी बशीत आयोडीन ओतलं की पीठ असेल तिथे निळं-काळं होतं. दाण्यातून विकर बाहेर पडलं असेल तर त्याच्याभोवती पीठ उरत नाही आणि स्वच्छ गोल दिसतो. जिबरेलिन दिलेल्यांभोवती गोल दिसायला हवा, पाणी दिलेल्यांभोवती नको. कारण कोंबच नाही, तर निरोप देणार कोण? जिबरेलिन मिळायला त्रास झाला नाही. द्राक्षवाले ते वापरतात, कल्याणच्या शेतीच्या दुकानात पुडी मिळाली.

बी घरातच होतं. शेत गेलं तरी आईने मडकंभर बियाणं ठेवलं होतं, का ते तिलाही सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "आई, मला परवा कॉलेजात नेण्यासाठी बी लागेल. चांगलं, भरलेलं. सोलून. आणि सुकं हवं."

"किती?"

"मूठभर पुरे."

"काय करनार?"

"कापणार."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मडक्याकडे गेली. त्या दोन दिवसांत तिने भांडी एकदाच घासली, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मी त्याचा विचार केला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वच्छ फडक्यात बांधलेले सोललेले दाणे माझ्या हातात ठेवले. एकही तुटका नाही, सगळे एका मापाचे. मी वहीत लिहिलं, 'कोरडे बियाणे, घरचे.' तिला एक शब्दही न विचारता लिहिलं.

काजल आणि मी एकाच गटात होतो. आम्ही दाणे कापून बशांत ठेवले आणि दोन दिवसांनी आयोडीन ओतलं. जिबरेलिनच्या बशीत मोठे, स्वच्छ गोल होते. काजलने टाळी वाजवली. मग तिने पाण्याची बशी उघडली आणि तिचे हात तसेच राहिले. तिथेही गोल होते. जरा लहान, पण प्रत्येक दाण्याभोवती.

मॅडमनी बशी उजेडात धरली. "जंतू शिरले असतील. किंवा तुम्ही कोंब नीट कापला नाही." त्यांना तास होता, त्या गेल्या. सादरीकरणाला तीन दिवस उरले होते.

काजल टेबलावर बसून पाय हलवत होती. थोड्या वेळाने ती आवाज बारीक करून म्हणाली, "सुन. एक कोरी बशी आहे आपल्याकडे. चार दाणे ठेव, लगेच आयोडीन टाक, फोटो काढ. गोल येणारच नाही. कोणाला कळतं?"

"पण ते दोन दिवस ठेवलेलं नसेल."

"अरे, वही में लिखेंगे ना दोन दिवस! खरं काय ते सगळ्यांना माहितेय. पुस्तकात तेच आहे. आपण खोटं नाही बोलत, फक्त पुस्तकासारखं दाखवतोय."

मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हणू शकले नाही. हे मला आजही बोचतं. मी आता बियाणं तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे शिकायला येणाऱ्या मुलींना मी नोंदींबद्दल फार कडकपणे बोलते. त्यांना वाटत असेल, बाईंना कधी मोह झालाच नसेल. त्या दिवशी मी कोरी बशी हातात घेतली होती. तिचं झाकणही उघडलं होतं. मग मी म्हटलं, "उद्या बघू," आणि पळाल्यासारखी घरी आले.

घरी आई चुलीपुढे बसली होती. गॅस आला होता तरी भाकरी ती चुलीवरच करायची. मी तिच्याजवळ बसले आणि बहुतेक रडवेल्या आवाजात म्हटलं, "बियात काही तरी गडबड आहे गं."

पिठाचा हात तसाच ठेवून ती वळली. "माज्या बियात?"

"कोंब कापला तरी त्यातलं पीठ विरघळतंय. कोरड्या दाण्यात असं होत नाही."

"कोरडं कुटं व्हतं?" ती म्हणाली.

"म्हणजे?" मी विचारलं.

"सुक्या बियाला धार लावतान का कुनी? तूच बोललीस कापनार. म्हनून मिठाच्या पान्यातनं काडलं, धुतलं, भिजवलं. तुला सुकं पायजे व्हतं, म्हनून सावलीत सुकवलं. तोंड फुटू नाय दिलं. चावून बगत व्हते ना. गोड लागलं तशी लगेच काडलं." आणि मग जरा घाबरून, "का गो? चुकलं काय?"

मी चुलीतल्या जाळाकडे बघत बसले. गोड लागलं म्हणजे पिठाची साखर व्हायला लागली होती. म्हणजे विकर तयार झालं होतं. म्हणजे त्याच्याही आधी ती नक्कल उतरायला लागली होती. मी कोंब कापला होता, पण तोपर्यंत त्याचा निरोप पोचलेला होता. ना जंतू होते, ना आमचे हात चुकले होते. वहीतला एक शब्द तेवढा चुकला होता, 'कोरडे', आणि तो मी लिहिला होता. आईला मात्र मी एवढंच म्हटलं, "नाही गं. तुझं नाही चुकलं." तिचा विश्वास बसला नाही. त्या दिवशी तिच्या भाकऱ्या करपल्या, आणि मी माझ्या आयुष्यात तिच्या हातची करपलेली भाकरी तेव्हा पहिल्यांदा खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी मडक्यातलं खरोखर कोरडं बी घेऊन गेले आणि काजलला सगळं सांगितलं. आधी ती हसली, मग चिडली. "आता वही में लिखणार की मम्मीने भिगोया? परीक्षक हसतील. माझं पण नाव आहे त्या प्रोजेक्टवर, वैशाली!" तरी तिने माझ्याबरोबर दाणे कापले. कोरडा दाणा दगडासारखा असतो. ब्लेड सटकून माझा अंगठा कापला आणि मला आईचा नियम आठवला. नियमामागे कदाचित एवढंच कारण असेल. वेळ काढून कसेबसे दोन दिवस भरले आणि आयोडीन टाकलं. कोरडे आणि जिबरेलिन, गोल. कोरडे आणि पाणी, काही नाही, एकसारखं निळं. आईचे भिजवलेले आणि पाणी, गोल. तिन्ही बशा मी शेजारी शेजारी ठेवल्या. मला त्या फार सुंदर वाटल्या.

गुरुवारी सादरीकरण झालं. परीक्षक वयस्क होते, शांत, ओरडणारे नव्हते. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. इंग्रजी अडखळत होतं, मधे मी मराठीत घसरले. वहीत चुकीचं लिहिलं होतं हे सांगितलं. तिसरी बशी दाखवून म्हटलं, "म्हणजे कोंब फक्त सुरुवातीला लागतो. एकदा नक्कल सुरू झाली की तो कापला तरी काम चालू राहतं."

"बी कोणी भिजवलं?" त्यांनी विचारलं.

"आईनं."

मागच्या बाकांवरून हसू आलं. परीक्षक हसले नाहीत. "किती तास?"

मी वहीची पानं उलटली. नंतर म्हटलं, "गोड लागेपर्यंत."

आता सगळेच हसले. परीक्षकांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाळ, तू खरं सांगितलंस हे चांगलं केलंस. पण वेळेची नोंद नाही, तर तिसऱ्या बशीवरून काही म्हणता येत नाही. ती गोष्ट झाली, प्रयोग नाही." त्यांचं बरोबर होतं. पुण्याची जागा अळिंबी वाढवणाऱ्या गटाला मिळाली. काजल माझ्याशी न बोलता पिशवी उचलून निघून गेली.

घरी येऊन मी बाबांना म्हटलं, "काकांना सांगा, सोमवारपासून जाते." बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पाणी मारायला गेले. आईने विचारलं, काय झालं. मला सांगायचं नव्हतं, पण ती समोरून हलेना. शेवटी सांगितलं. परीक्षकांनी काय विचारलं तेही सांगितलं. लोक हसले हे सांगितलं नाही.

"तास इचारले?"

"हो."

"आन् तू काय बोललीस?"

"गोड लागेपर्यंत."

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. मग उठली. तिने अंडं आणलं, मीठ आणलं, मडकं पुढे ओढलं. संध्याकाळचे पाच वाजले होते. बी पाण्यात सोडलं तेव्हा तिने चुलीतला कोळसा घेतला आणि भिंतीवर एक उभी रेघ ओढली. "दोन-दोन तासांनी रेग," ती म्हणाली. "दर रेगेला एक दाना काडायचा. कोंबाचा डोला कापून दाना ठेवायचा. आन् मी चावनार. इचारू दे आता कुनाला काय इचारायचं ते."

"आई, आता त्याचा उपयोग नाही. जागा गेली."

"जागा गेली ती जाऊ दे. तास तरी ठाव पायजेत ना?"

मी शुक्रवारी कॉलेजला गेले नाही. घरात एक वेगळीच तगमग होती. दोन तास म्हणजे किती लांब असतात ते तेव्हा कळलं. पत्रे धडधडत होते, डंपर जात होते, आणि आई घड्याळाखाली फेऱ्या घालत होती. घड्याळ तिला वाचता येत होतं, कधी गरज पडली नव्हती एवढंच. रेघ आली की मी दाणा सोलून कोंब कापायचे आणि अर्धा दाणा कागदावर त्या रेघेच्या आकड्यापुढे सुकत ठेवायचे. ती दुसरा दाणा चावायची आणि मान हलवायची. रात्रीच्या रेघा तिनेच ओढल्या आणि ते दाणेही तिनेच कापले. मी सकाळी उठून बघितलं तर काप माझ्यापेक्षा सरळ होते. बाबा येता-जाता भिंतीकडे बघायचे. "कैदखान्यात रेगा मारतान तशा मारतंय ही," ते मला म्हणाले, पण त्या दिवशी चहा त्यांनीच केला. आम्ही बारा रेघा मोजल्या, कडधान्याचं बिरडं गार झालं, परत गरम केलं. तेराव्या रेघेला, शुक्रवारी संध्याकाळी, आईने दाणा चावला आणि थांबली. जीभ टाळ्याला लावली. "आला," ती म्हणाली. मग त्या रेघेवर तिने आडवी रेघ मारली. त्यानंतरही ती थांबली नाही. अठरा रेघा पुऱ्या केल्या.

शनिवारी सकाळी दारात रिक्षा थांबली आणि काजल उतरली. हातात स्टीलचा डबा. मी आदल्या दिवशी आले नाही म्हणून मॅडमनी तिला विचारलं होतं, आणि तिने माझ्या घरी फोन केला होता. फोन आईने उचलला होता. आईने तिला काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही. डब्याच्या खालच्या कप्प्यात पिठाच्या थराच्या दोन बशा होत्या, वरच्यात कोकी. "मॅडमनी दिल्या," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता आईला म्हणाली, "आंटी, सुकट आहे का?" आम्ही तिघींनी दाणे धुऊन, आकडे घालून बशांत मांडले.

रविवारी काका आले, सोमवारी किती वाजता गेटवर उभं राहायचं ते सांगायला. बाबा ऐकत होते. मी मान खाली घातली होती. आई आतून ओले हात पुसत आली आणि म्हणाली, "सोमवारी ती नाय येनार."

"म्हंजे?" काका म्हणाले. "मी शब्द दिलाय वयनी."

"सोमवारी आमचा निकाल हाय."

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबा भिंतीकडे बघत होते, त्या अठरा रेघांकडे. तिथूनच ते म्हणाले, "एक दिसानं कंपनी काय पलून जात नाय."

सोमवारी आई माझ्याबरोबर आली. ती कॉलेजात पहिल्यांदाच येत होती. ठेवणीतलं लुगडं नेसली होती आणि शेअर रिक्षात डबा मांडीवर धरून बसली होती, खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरायची. प्रयोगशाळेच्या दाराशी तिने चपला काढल्या. मॅडम म्हणाल्या, "अहो, असू द्या." तिने त्या पुन्हा घातल्या नाहीत. काजलने आयोडीनची बाटली आणली आणि, हे तिचं मोठेपण, माझ्या हातात दिली. मी ओतलं. बशा निळ्या होत गेल्या. पहिला दाणा, निळा. तिसरा, पाचवा, सातवा, सगळीकडे निळंच. एका दाण्यावर बुरशी आली होती, तो सोडून दिला. नवव्याभोवती नखाएवढा फिकट गोल होता. दहाव्याभोवती स्पष्ट. अकरा, बारा, तेरा, मोठे होत गेलेले.

मॅडम वाकून बघत होत्या. "तुम्हाला गोड कितव्याला लागलं?" त्यांनी आईला विचारलं.

"तेराव्याला."

"आणि निरोप पोचला नवव्याच्या आसपास. म्हणजे आठ तास आधी." मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "हे सगळं लिहून काढ. तास घालून. आता मी पुण्याच्या प्रयोगशाळेला पत्र लिहिते. जागा मिळेल असं सांगत नाही. पण आता विचारता येईल. आणि वर भिजवणाऱ्याचं नाव लिही."

ती जागा त्या वर्षी मिळाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मिळाली. मधलं एक वर्ष मी मॅडमच्या हाताखाली काम केलं आणि बाबांनी काकांचा विषय पुन्हा काढला नाही. ती भिंत आता नाही, घरही नाही. आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायला आलो. पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी मला पुढचं काहीच माहीत नव्हतं.

आई बशीवर वाकली होती. नवव्या दाण्यावर तिने बोट धरलं, न टेकवता, मग तेराव्यावर. "म्हंजे मना चार रेगा उशीर झाला?"

"तुला नाही गं. जिभेला. साखर मागून होते, त्याच्या आधी आत काम सुरू झालेलं असतं."

"जीब माजीच ना," ती म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं. परतीच्या रिक्षात ती रिकामा डबा मांडीवर तसाच दोन्ही हातांनी धरून बसली होती. अंबरनाथ आल्यावर तिने एकदम माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"मडक्यात बी हाय अजून," ती म्हणाली. "घरी गेलं का परत घालू. या टायमाला आठव्या रेगेपासनं नीट चावून बगते."